जलपक्षी आणि रोगजंतू

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली, की उत्तरेकडील प्रदेशांतून पक्ष्यांचे थवेच्या थवे भारतात उतरू लागतात. सैबेरिया, मंगोलिया, तिबेट व मध्य आशिया येथील तळी गोठू लागतात, तेथील दलदलींतील किडे व कोंब दिसेनासे होतात, आणि बदके, हंस, क्रौंच व चिखलात चरणारे लहानमोठे असंख्य पक्षी आपल्याकडील उथळ जलाशयांचा आश्रय घेतात. फाल्गुन-चैत्रात ऊन तापू लागले म्हणजे ते परत फिरतात. एवढा लांबचा प्रवास करणाऱ्या पक्ष्याबरोबर इतर पुष्कळ जीव प्रवास करीत असतात. त्याच्या आतड्यात, पायांना चिकटलेल्या चिखलात व पिसांच्या बुडाशी सूक्ष्म जंतूंची मोठी वस्ती असते. यांतील बहुतेक जंतू निरुपद्रवी असतात. काही तर पचनास साहाय्यच करतात. थोडे मात्र असे असतात, की अनुकूल परिस्थिती मिळताच ते पक्ष्यांचा, क्वचित गुराढोरांचा आणि क्वचित मनुष्याचाही घात करू शकतात.

हे जंतू पक्षी कोठून उचलतो, ते त्याला स्वतःला केव्हा बाधतात आणि दुसऱ्यास केव्हा, या प्रश्नांची उत्तरे प्रथमदर्शनी वाटतात तितकी सरळ नाहीत. ती कशी शोधली गेली, हे समजून घेण्यासाठी २०१९ साली राजस्थानात घडलेली एक घटना उपयोगी पडेल.

सांभरचे पाणी

सांभर हे भारतातील सर्वांत मोठे अंतर्देशीय खारे सरोवर होय. जयपूर शहरापासून सुमारे ८० किलोमीटरांवर, अरवलीच्या डोंगरांनी वेढलेल्या सखल भागात ते पसरलेले आहे. त्याचा विस्तार दोनशे चौरस किलोमीटरांहून अधिक असला, तरी खोली फार थोडी आहे. उन्हाळ्यात त्याचा पुष्कळसा भाग कोरडा पडतो व तळावर क्षारांची पांढरी खपली दिसू लागते. तेथील मीठ शतकानुशतके काढले जात आहे. पाणथळ प्रदेशांच्या रक्षणासाठी झालेल्या रामसर कराराच्या यादीत या सरोवराचा समावेश १९९० साली झाला, तो मुख्यतः तेथे हिवाळ्यात जमणाऱ्या पक्ष्यांमुळे.

२०१९ च्या पावसाळ्यात राजस्थानात पाऊस चांगला झाला. पूर्वीच्या काही वर्षांत आटत चाललेल्या सरोवरात पाणी दूरवर पसरले आणि त्या मानाने पक्षीही मोठ्या संख्येने उतरले. नोव्हेंबरच्या १० तारखेच्या सुमारास काठावर मेलेल्या पक्ष्यांचे ढीग लोकांच्या दृष्टीस पडले. आरंभी काही शेकडा असलेला हा आकडा दिवसागणिक वाढत गेला आणि महिना संपेपर्यंत अठरा हजारांहून अधिक पक्षी मृत झाल्याची नोंद झाली. थापट्या बदके, चक्रवाक, शेकाटे, उचाटे, चिखले, कुरव अशा नाना जातींचे पक्षी त्यांत होते. ज्यांचा श्वास चालू होता त्यांची अवस्था विलक्षण होती. अंगावर जखम नाही, पिसे विसकटलेली नाहीत, डोळ्यांत जाणीव आहे. परंतु पाय लुळे पडलेले, पंख दोन्ही बाजूंस लोंबणारे, आणि मान उचलण्याची शक्ती नसल्यामुळे चोच पाण्यात बुडालेली. कित्येक पक्षी अवघ्या चार बोटे पाण्यात बुडून मेले.

एकाएकी इतके पक्षी मरू लागल्यावर जी पहिली भीती वाटते, तीच येथेही वाटली. ही पक्ष्यांची विषाणुजन्य सर्दी, ज्यास लोक ‘बर्ड फ्लू’ म्हणतात, ती तर नव्हे? भोपाळ येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने नमुने तपासले व तो विषाणू त्यांत नसल्याचे सांगितले. पाण्यातील अतिरिक्त क्षारांनी विषबाधा झाली असावी, असाही तर्क पुढे आला. खाऱ्या सरोवरात तो सुचावा हे स्वाभाविकच होते. बिकानेर येथील पशुवैद्यक विद्यापीठातील तज्ज्ञांनी लक्षणांवरून ‘बोट्युलिझम’ या विषबाधेकडे बोट दाखविले, आणि बरेलीजवळील इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने नमुन्यांच्या परीक्षेनंतर त्या निदानास दुजोरा दिला.

हे निदान कसे करतात, ते थोडक्यात सांगणे अस्थानी होणार नाही. मेलेल्या पक्ष्याच्या शरीरात जंतू सापडला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. कारण तो जंतू निरोगी पक्ष्याच्या आतड्यातही असू शकतो. सिद्ध करावयाचे असते ते रक्तात विष आहे हे. त्यासाठी आजारी पक्ष्याच्या रक्ताचा रस उंदरांना टोचण्याची पद्धत जुनी आहे. काही उंदरांना त्याबरोबर प्रतिविष दिले जाते, काहींना दिले जात नाही. प्रतिविष न मिळालेले उंदीर मेले व मिळालेले जगले, म्हणजे विष कोणते हे निश्चित झाले.

सॉसेज, मांस आणि बदके

‘बोट्युलिझम’ हे नाव लॅटिन भाषेतील ‘बोट्युलस’, म्हणजे मांस भरून केलेले सॉसेज, या शब्दावरून आले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत अशा पदार्थांतून होणाऱ्या विषबाधेचा अभ्यास युस्टिनुस केर्नर या वैद्याने केला. पुढे १८९५ च्या डिसेंबरात बेल्जममधील एलझेल या खेड्यात एका अंत्यविधीनंतर वादकांच्या मंडळीने डुकराचे खारवलेले मांस खाल्ले, अनेकजण आजारी पडले व तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने त्या मांसातून एक जंतू वेगळा केला. आज तो ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ या नावाने ओळखला जातो.

या जंतूचे दोन विशेष लक्षात ठेवावयास हवेत. पहिला असा, की त्याला प्राणवायू सोसत नाही. उघड्या हवेत तो वाढत नाही. परंतु परिस्थिती प्रतिकूल झाली, की तो स्वतःभोवती जाड कवच निर्माण करून बीजाणूच्या रूपाने पडून राहतो. हे बीजाणू उन्हातान्हात, कोरड्या मातीत, सरोवराच्या तळाशी वर्षानुवर्षे टिकतात. दुसरा विशेष असा, की वाढताना तो जे विष सोडतो, त्याहून प्रखर नैसर्गिक विष आजवर माहीत झालेले नाही. मज्जातंतूकडून स्नायूकडे आज्ञा पोचविणारे जे रासायनिक द्रव्य असते, ते बाहेर पडणेच हे विष बंद पाडते. स्नायू शाबूत असतो, मज्जातंतूही तुटलेला नसतो, पण निरोप मात्र पोचत नाही. सांभरच्या काठी शुद्धीवर असूनही मान उचलू न शकणारा पक्षी दिसतो, तो या कारणाने.

या विषाचे अनेक प्रकार असून त्यांना ए, बी, सी अशी अक्षरे दिलेली आहेत. मनुष्यास होणारी बाधा बहुधा ए, बी व ई या प्रकारांची असते. जलपक्ष्यांचा संहार करणारा प्रकार मुख्यतः सी होय. तो १९२२ साली अमेरिकेतील आयडा बेंग्टसन या संशोधिकेने प्रथम वेगळा केला आणि तोही माशीच्या अळ्यांतून. ही गोष्ट पुढे किती महत्त्वाची ठरली, ते लवकरच दिसून येईल.

ग्रेट सॉल्ट लेकचा अनुभव

सांभरसारखाच प्रसंग अमेरिकेतील यूटा राज्यात शंभर वर्षांपूर्वी ओढवला होता. तेथील ग्रेट सॉल्ट लेक या अफाट खाऱ्या सरोवरास बेअर नदी येऊन मिळते व तिच्या मुखाशी विस्तीर्ण दलदल आहे. १९१० सालच्या उन्हाळ्यात व त्यानंतरच्या वर्षांत तेथे लक्षावधी बदके मेली. शेतकरी व शिकारी दोघेही हवालदिल झाले. कोणी कारखान्यांच्या सांडपाण्याला दोष दिला, कोणी साथीच्या रोगाला. सरकारने अलेक्झांडर वेटमोर या तरुण पक्षिशास्त्रज्ञाची चौकशीसाठी नेमणूक केली. हेच वेटमोर पुढे वॉशिंग्टन येथील विख्यात स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख झाले.

वेटमोर यांनी काही वर्षे दलदलीत काढली. आजारी बदकांना पकडून गोड्या पाण्यात ठेवले असता त्यांतील पुष्कळशी बरी होतात, असे त्यांना आढळले. यावरून दोष पाण्यातील क्षारांचाच असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि १९१८ साली तो सविस्तर प्रसिद्ध केला. निष्कर्ष तर्कशुद्ध दिसत होता. उपायही लागू पडत होता. तथापि ज्या ठिकाणी पाणी फारसे खारे नव्हते, अशा ठिकाणीही तोच आजार दिसू लागला, तेव्हा या उपपत्तीस तडे जाऊ लागले. शेवटी १९३० साली कामबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मरण सी प्रकारच्या बोट्युलिनम विषाने ओढवते, असे सिद्ध केले.

मग गोड्या पाण्याने बदके बरी का होत होती? ज्यांच्या शरीरात विषाची मात्रा थोडी गेलेली असे, त्यांना दूषित खाद्यापासून दूर नेले, पाणी पाजले व बुडण्यापासून वाचविले, म्हणजे विषाचा प्रभाव ओसरेपर्यंत ती तग धरीत. उपाय खरा होता, कारण चुकले होते. परंतु येथेही प्रकरण संपत नाही. खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या पक्ष्यांच्या डोळ्यांजवळ एक ग्रंथी असते व ती रक्तातील जादा मीठ नाकावाटे बाहेर टाकते. कॅनडातील कूच या संशोधकाने १९६४ साली असे दाखविले, की बोट्युलिनम विषाने या ग्रंथीचे कार्यही मंदावते. त्यामुळे गोड्या पाण्यात जी मात्रा प्राणघातक ठरली नसती, तीच खाऱ्या पाण्यात पक्ष्याचा जीव घेऊ शकते. वेटमोर यांचा क्षारांवरील आरोप मुख्य गुन्हेगाराच्या बाबतीत चुकीचा असला, तरी अगदीच निराधार नव्हता! सांभरच्या पक्षिमृत्यूचा विचार करणाऱ्यांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

विषाचे चक्र

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बीजाणू सरोवराच्या चिखलात नेहमीच असतात. पक्षी चिखल चाळताना ते गिळतो; ते त्याच्या आतड्यात राहतात व विष्ठेवाटे दुसऱ्या तळ्यात जाऊन पडतात. या अर्थाने निरोगी पक्षी त्यांचा वाहक आहे. तरीही दरवर्षी प्रत्येक तळ्यावर असा संहार होत नाही. तो होण्यासाठी तीनचार गोष्टी एकत्र याव्या लागतात.

जंतूच्या वाढीसाठी प्रथिनयुक्त अन्न हवे, म्हणजे कसले तरी मेलेले शरीर हवे. प्राणवायूचा अभाव हवा. उष्णता हवी, सुमारे २५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानात त्याची वाढ जोमाने होते. आणि आणखी एक चमत्कारिक अट अशी, की सी प्रकारचे विष तयार करण्याचे ज्ञान त्या जंतूच्या स्वतःच्या वारशात नसते. ते त्याच्या अंगात शिरलेल्या एका विषाणूकडून त्याला मिळते. असा विषाणू बरोबर नसेल तर जंतू वाढेल, पण विष निर्माण करणार नाही.

तळ्यातील पाणी एकाएकी पसरले किंवा ओसरले, म्हणजे काठावरील असंख्य किडे व कृमी मरतात. त्यांच्या कुजणाऱ्या शरीरांत पहिले विष तयार होऊ शकते. ते खाऊन काही पक्षी मरतात आणि येथून खरा अनर्थ सुरू होतो. मेलेल्या पक्ष्याच्या पोटातील बीजाणूंना आता अन्न, ऊब व निर्वात जागा हे सर्व आयतेच मिळते. प्रेतावर माशा अंडी घालतात, त्यांतून हजारो अळ्या निघतात. अळ्यांना हे विष बाधत नाही. ते त्यांच्या अंगात साठत मात्र राहते. अळी हे तर बदकांचे आवडते खाद्य! अशा अवघ्या दोन-चार अळ्या एका बदकास पुरेशा होतात. ते बदक मरते, त्याच्यावर पुन्हा माशा बसतात, आणि एका प्रेतापासून अनेक प्रेते असा गुणाकार सुरू होतो. साथीच्या रोगासारखे हे सारे दिसते खरे, पण जिवंत पक्ष्याकडून जिवंत पक्ष्याकडे संसर्ग असा येथे मुळीच नाही.

कोणते पक्षी अधिक मरतात, याचा उलगडाही यातून होतो. थापट्याची चोच फावड्यासारखी रुंद असून तिच्या कडांना चाळणीसारखे दाते असतात. पृष्ठभागावरील बारीक जीव गाळून खाण्यातच त्याचा दिवस जातो. शेकाटे व चिखले हे काठावरील किडे व अळ्या टिपतात. यामुळे या जाती प्रथम सापडतात. याउलट प्रेतांवरच जगणाऱ्या गिधाडांस हे विष सहसा बाधत नाही. कामबाख यांनी अमेरिकन गिधाडांवर केलेले प्रयोग १९३९ साली प्रसिद्ध झाले. इतर पक्ष्यांना तत्काळ मारतील अशा मोठ्या मात्राही या गिधाडांनी पचविल्या, असे त्यांत दिसून आले.

या चक्रावरील उपाय त्याच्या ज्ञानातूनच निघतो. विषावर प्रतिविष आहे, पण हजारो रानटी पक्ष्यांना ते टोचणे व्यवहार्य नाही. जंतू चिखलातून नाहीसा करणे अशक्य आहे. हातात राहते ते एकच: प्रेते अळ्या पडण्यापूर्वी उचलणे व खोल पुरणे किंवा जाळणे. सांभर येथे २०१९ साली हेच करण्यात आले. वन व पशुसंवर्धन खात्यांचे कर्मचारी आणि स्वयंसेवक गुडघाभर चिखलातून फिरत होते. लुळे पडलेले पक्षी काचरोदा येथील मदतकेंद्रात नेऊन त्यांना पाणी व अन्न दिले जात होते, आणि त्यांतील काही बरे होऊन पुन्हा उडालेही. काम सुरू होण्यास जे दिवस गेले, त्यांची किंमत मात्र पक्ष्यांना मोजावी लागली. या विषबाधेत पहिल्या आठवड्यातील शंभर प्रेते उचलण्याचे मोल नंतरच्या हजारांहून अधिक असते.

पक्षी वाहतो ते इतर जंतू

बोट्युलिझमच्या बाबतीत संसर्ग नसला, तरी इतर काही जंतूंच्या बाबतीत तो खराच असतो. ‘कोंबड्यांचा कॉलरा’ म्हणून ओळखला जाणारा रोग त्यांपैकी होय. मनुष्याच्या पटकीशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. त्याचा ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ हा जंतू विज्ञानाच्या इतिहासात मानाचे स्थान मिळवून बसला आहे. कारण याच जंतूच्या जुन्या, निस्तेज झालेल्या वाढीपासून लुई पाश्चर यांनी १८८० च्या सुमारास कोंबड्यांसाठी प्रतिबंधक लस तयार केली व दुर्बल केलेल्या जंतूंनी रोगप्रतिकार निर्माण करण्याच्या शास्त्राचा पाया घातला. उत्तर अमेरिकेत रानटी जलपक्ष्यांत हा रोग १९४० नंतरच्या दशकात टेक्ससमध्ये प्रथम आढळला. आता तेथे हिवाळ्यात दाटीवाटीने उतरणाऱ्या बदकांत व हंसांत तो वारंवार उद्भवतो. हिमहंसांपैकी काही पक्षी रोगातून वाचतात, निरोगी दिसतात, परंतु जंतू बाळगून राहतात आणि ऋतूंबरोबर तो उत्तरेस व दक्षिणेस नेतात. वाहक या शब्दाचा हा खरा नमुना होय.

मनुष्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे जंतू म्हणजे अन्नविषबाधा व जुलाब करणारे ‘साल्मोनेला’ आणि ‘कॅम्पिलोबॅक्टर’. पक्ष्याच्या शरीराचे तापमान मनुष्याहून काही अंशांनी जास्त असते आणि कॅम्पिलोबॅक्टरला ते विशेष मानवते. अनेक जलपक्ष्यांच्या आतड्यात तो कोणताही त्रास न देता राहतो. अलास्कात २००८ साली या जंतूने झालेल्या जुलाबांची एक साथ उद्भवली. चौकशीत असे आढळले, की आजारी पडलेल्या बहुतेकांनी स्थानिक शेतातील मटार कच्चे खाल्ले होते. त्या शेतात सँडहिल जातीचे क्रौंच मोठ्या संख्येने चरत असत. शेतातील क्रौंचांच्या विष्ठेतील, मटारांवरील व रोग्यांच्या शरीरातील जंतू एकच असल्याचे प्रयोगशाळेत ठरले. मटार ज्या पाण्यात धुतले जात, त्यात पुरेसे क्लोरिन नव्हते, हेही उघड झाले. क्रौंच त्या खोऱ्यात पूर्वीपासून उतरत होते. शेंगा उकडून खाल्ल्या असत्या किंवा धुण्याच्या पाण्यात योग्य प्रमाणात क्लोरिन असते, तर क्रौंचांची विष्ठा कोणाच्या लक्षातही आली नसती.

कुरवांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. हा मूळचा समुद्रकाठचा पक्षी. पण शहरांतील उकिरडे व गटारांची मुखे ही त्याची आवडती चरण्याची ठिकाणे बनली. दिवसा तेथे पोट भरावयाचे व रात्री एखाद्या शांत जलाशयावर विसावा घ्यावयाचा, असा त्याचा क्रम असतो. तो जलाशय शहराच्या पिण्याच्या पाण्याचा असेल, तर गटारातील साल्मोनेला पाण्यात पडण्यास वेळ लागत नाही. स्कॉटलंडमध्ये असा प्रकार घडल्यावर कुरवांच्या भयसूचक हाकांचे ध्वनिमुद्रण वाजवून त्यांना जलाशयावरून हुसकावण्यात आले, व पाण्याची शुद्धता सुधारली. येथे पक्षी वाहक ठरला हे खरे; परंतु त्याने वाहिला तो माल मनुष्याचाच होता.

हीच गोष्ट आणखी एका शोधाने ठळक झाली. प्रतिजैविक औषधांना दाद न देणारे जंतू रुग्णालयांत व पशुपालनाच्या व्यवसायात निर्माण होतात, हे सर्वज्ञात आहे. स्वीडनमधील संशोधकांनी २००५ साली सैबेरियाचा ईशान्य भाग, अलास्का व ग्रीनलंड येथील निर्मनुष्य प्रदेशांतील पक्ष्यांचे नमुने गोळा केले. जेथे कोसच्या कोस औषधाचे दुकान नाही, अशा ठिकाणच्या काही पक्ष्यांच्या आतड्यांतही अनेक औषधांना न जुमानणारे जंतू सापडले. दक्षिणेकडील वस्त्यांतून हिवाळा काढून आलेल्या पक्ष्यांनी ते तेथवर नेले असावेत, असे या संशोधकांचे मत आहे.

पटकीच्या जंतूविषयीही एक कुतूहलजनक विचार मांडला गेला आहे. हा जंतू नदीमुखांच्या व तळ्यांच्या पाण्यात सूक्ष्म कवचधारी प्राण्यांना चिकटून राहतो, आणि डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या चिलटांच्या अंड्यांच्या पुंजक्यांवरही वाढतो, असे इस्राएलमधील संशोधकांनी २००१ साली दाखविले. असे पुंजके व असे मासे खाणारे जलपक्षी तो एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेत असावेत, असे त्यांना वाटते. पक्ष्यांत आढळणारे या जातीचे जंतू बहुतांशी साथ न पसरविणाऱ्या प्रकारांचे असतात. यामुळे पटकीच्या साथींचा दोष पक्ष्यांवर ठेवण्यास आज तरी आधार नाही; मैलामिश्रित पिण्याचे पाणी हेच तिचे सिद्ध कारण होय.

पक्ष्यांवर असा संशय घेण्याचा प्रसंग भारतात पूर्वीही आला होता. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर येथील अरण्यात माकडे मरू लागली व माणसांनाही ताप येऊ लागला. हा रोग जंतूचा नसून गोचिडीवाटे पसरणाऱ्या विषाणूचा होता, आणि तो विषाणू रशियात आढळणाऱ्या एका विषाणूच्या कुळातला निघाला. मग सैबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांनीच त्या गोचिडी आणल्या नसतील ना, हा प्रश्न साहजिकच उभा राहिला. त्याच्या शोधासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली १९५९ पासून पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला. पक्ष्यांनी तो रोग आणल्याचा पुरावा मिळाला नाही. कड्यांनी दुसरेच काम केले: भारतात हिवाळा घालविणारे पक्षी नेमके कोणत्या देशांतून येतात व कोणत्या वाटांनी, याची विश्वसनीय माहिती प्रथमच हाती आली. आज एखाद्या सरोवरावर पक्षी मरू लागले, की ते कोठून आले असतील हे सांगता येते, त्यामागे त्या कामाचा मोठा वाटा आहे.

तळ्याकाठी घ्यावयाची काळजी

महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, जायकवाडी व उजनी येथील जलाशयांवरही थापट्ये, चक्रवाक व शेकाटे उतरतात. तेथे किंवा अन्यत्र मेलेले वा लुळे पडलेले पक्षी दिसल्यास त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. मरणाचे कारण डोळ्यांनी ओळखता येत नाही. बोट्युलिझमची लक्षणे व पक्ष्यांच्या विषाणुजन्य सर्दीची काही लक्षणे सारखी दिसू शकतात, आणि दुसरी मनुष्यासही बाधू शकते. पक्षी किती, कोणत्या जातीचे व कोठे, हे टिपून वन किंवा पशुसंवर्धन खात्यास त्याच दिवशी कळवावे. असे पक्षी खाण्यासाठी कधीही उचलू नयेत. कुत्रीही दूर ठेवावीत. जिवंत पक्ष्यांना हुसकावणे अथवा मारणे मात्र सर्वथा चुकीचे होय, कारण उडालेला पक्षी बरोबर जे काही असेल ते घेऊन शेजारच्या तळ्यावर उतरतो.

सांभरला २०२४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा पक्षी मरू लागले, आणि या वेळीही कारण बोट्युलिझमचेच निघाले. शोधपथके काठाने व पाण्यातून फिरली, प्रेते उचलून पुरण्यात आली, आजारी पक्ष्यांसाठी मदतकेंद्र उघडण्यात आले. मृत पक्ष्यांची संख्या काही शेकड्यांत राहिली.